मिड सफोकचा कौल आणि तो वाचण्याची रीत

इंग्लंडमध्ये ४ मे २०२३ रोजी २३० स्थानिक परिषदांच्या निवडणुका झाल्या आणि दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत लंडनमधील वृत्तवाहिन्यांनी त्यांचा अर्थ एका वाक्यात बसवून टाकला होता: हुजूर पक्षाने हजाराहून अधिक जागा गमावल्या आणि मजूर पक्षाचा सत्तेकडे जाणारा रस्ता मोकळा झाला. वाक्य खोटे नव्हते. जुलै २०२४ मध्ये मजूर पक्ष सत्तेवर आलाही. परंतु पूर्व इंग्लंडमधील सफोक काउंटीतल्या एका शेतीप्रधान डिस्ट्रिक्टमध्ये त्याच दिवशी जे घडले ते या वाक्यात कुठेच मावत नव्हते. मिड सफोक डिस्ट्रिक्ट कौन्सिलच्या ३४ जागांपैकी २४ जागा पर्यावरणवादी ग्रीन पक्षाने जिंकल्या, हुजूर पक्षाला ६ आणि लिबरल डेमोक्रॅट पक्षाला ४ जागा मिळाल्या. ब्रायटन शहरात ग्रीन पक्षाने २०११ मध्ये अल्पमतात राहून कारभार केला होता. पण ब्रिटनमधल्या कोणत्याही कौन्सिलमध्ये या पक्षाला स्वतःचे स्पष्ट बहुमत मिळण्याची ही पहिलीच वेळ होती. आणि ज्या मजूर पक्षाची देशभर सरशी झाल्याचे सांगितले जात होते, त्याला मिड सफोकमध्ये एकही जागा मिळाली नव्हती.

अशा निकालांनंतर बीबीसी एक आकडा जाहीर करते. ज्या भागांत मतदान झाले त्यांच्या कलावरून संपूर्ण ब्रिटनमध्ये मतदान झाले असते तर कोणाला किती टक्के मते पडली असती, याचा तो अंदाज असतो. २०२३ मध्ये तो मजूर पक्ष ३५, हुजूर पक्ष २६ आणि लिबरल डेमोक्रॅट २० असा निघाला. संख्याशास्त्राच्या दृष्टीने हे काम काळजीपूर्वक केलेले असते आणि त्यात मला दोष काढायचा नाही. माझा आक्षेप त्याच्या वापराला आहे. शेकडो ठिकाणी, शेकडो वेगवेगळ्या प्रश्नांवर आणि हजारो वेगवेगळ्या माणसांसाठी झालेले मतदान संसदेच्या निवडणुकीची रंगीत तालीम म्हणून वाचले की, त्यातून स्थानिक तेवढे नेमके गळून पडते. ही खोड फक्त पत्रकारांची असती तर एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. मात्र इंग्लंडमध्ये या वाचनातूनच धोरणही घडते, असे मला वाटते, आणि मिड सफोकच्या उदाहरणावरून ते दाखवता येते.

आधी शब्दाचा घोळ मिटवलेला बरा. डिस्ट्रिक्ट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे जिल्हा येतो, पण १९७२ च्या कायद्याने आखलेला आणि १ एप्रिल १९७४ पासून अस्तित्वात आलेला इंग्लंडचा डिस्ट्रिक्ट आपल्या तालुक्याच्या अधिक जवळ जातो. आपल्या जिल्ह्याची जागा तिथे काउंटी घेते. स्टोमार्केट, नीडहॅम मार्केट आणि आय ही तीन लहान शहरे आणि त्यांच्या भोवतीची खेडी मिळून मिड सफोक होते. २०२१ च्या जनगणनेत इथली लोकसंख्या सुमारे १ लाख ३ हजार भरली. शाळा, रस्ते, ग्रंथालये आणि वृद्धांची देखभाल काउंटीकडे असते. कचरा गोळा करणे, घरबांधणीला परवानगी देणे, कौन्सिलच्या मालकीची घरे सांभाळणे, मतदारयाद्या तयार करणे ही कामे डिस्ट्रिक्टकडे. कचरा उचलायचा डिस्ट्रिक्टने आणि त्याची विल्हेवाट लावायची काउंटीने, अशी ही वाटणी आहे. कौन्सिल टॅक्स, म्हणजे तिथली घरपट्टी, वसूल करते डिस्ट्रिक्ट, पण बिलातल्या शंभर पौंडांपैकी त्याच्या तिजोरीत राहतात जेमतेम दहाच्या आसपास. बाकीची बहुतेक रक्कम काउंटी आणि पोलीस यांच्याकडे जाते. शिवाय ही घरपट्टी वर्षाला साधारण तीन टक्क्यांहून जास्त वाढवायची तर सार्वमत घ्यावे लागते. ज्या सभागृहाचा आवाका एवढाच आहे तिथे ‘डावी लाट’ किंवा ‘उजवी लाट’ आली म्हणजे नेमके काय आले, हा प्रश्न कोणीतरी विचारायला हवा.

पण अधिकार थोडे म्हणून प्रतिनिधित्वही थोडे, असे मात्र नाही. मिड सफोकमध्ये साधारण ३,००० रहिवाशांमागे एक सदस्य पडतो. मुंबई महापालिकेच्या २२७ जागांना २०११ च्या जनगणनेतील लोकसंख्येने भागले तर एका नगरसेवकामागे ५४ हजारांहून अधिक माणसे येतात. ३,००० माणसांचा प्रतिनिधी आपल्या मतदारांपैकी बऱ्याच जणांना तोंडओळखीने तरी जाणतो, आणि मतदारही त्याला पक्षाच्या आधी माणूस म्हणून ओळखतात. प्रचाराचे गणित यामुळे पार बदलते. मतदान तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास झाले, आणि स्थानिक निवडणुकांत इंग्लंडमध्ये ते साधारण तेवढेच होते, तर एखादी जागा काहीशे मतांत जिंकता येते. आणि काहीशे घरांचे दरवाजे एका माणसाला वर्षभरात ठोठावता येतात.

ग्रीन पक्षाने नेमके तेच केले. एक प्रभाग निवडायचा, तिथे वर्षभर पत्रके वाटायची, निवडणूक नसतानाही घरोघर जायचे, रस्त्यावरचा बंद दिवा आणि तुंबलेले गटार यांचा पाठपुरावा करायचा, जागा जिंकली की शेजारचा प्रभाग धरायचा, ही त्या पक्षाची अनेक वर्षांची पद्धत आहे. मिड सफोकमध्ये २०१९ सालीच त्यांच्या १२ जागा आल्या होत्या आणि हुजूर पक्ष १६ वर, म्हणजे बहुमताला दोन कमी असलेल्या आकड्यावर, अडकला होता. चार वर्षांनी १२ चे २४ झाले. लंडनला ही बातमी विजेसारखी वाटली, कारण मधल्या काळात तिकडे कोणी पाहिलेच नव्हते. यापेक्षा बोलकी गोष्ट अशी की, २०१६ च्या सार्वमतात याच डिस्ट्रिक्टमधील बहुसंख्य मतदारांनी युरोपीय संघ सोडण्याच्या बाजूने मत दिले होते. ग्रीन पक्ष म्हणजे विद्यापीठे असलेल्या शहरांतला, युरोपवादी, तरुण मतदारांचा पक्ष, ही ठरीव प्रतिमा मनात ठेवून या निकालाकडे पाहिले तर काहीच कळणार नाही. गावाबाहेरच्या शेतावर दोनशे घरांची वसाहत उभी राहणार असेल तर तिथल्या दवाखान्याचे काय, शाळेचे काय, अरुंद रस्त्याचे काय, असे विचारणारा मतदार स्वतःला डावाही म्हणवत नाही आणि उजवाही. त्याच्या दारात कोण येत राहिले, एवढे त्याला ठाऊक असते.

या म्हणण्यावर दोन आक्षेप घेता येतात आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा की, देशातला वारा नसता तर शीड कितीही चांगले बांधून उपयोग झाला नसता. टाळेबंदीच्या काळात पंतप्रधानांच्या निवासस्थानी झालेल्या पार्ट्या आणि सप्टेंबर २०२२ मधला लिझ ट्रस यांच्या सरकारचा तो अल्पायुषी अर्थसंकल्प यांमुळे हुजूर पक्षाचा पारंपरिक मतदार घरी बसला किंवा दुसरीकडे वळला, हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र वळलेले मत कोणत्या दारात जाऊन थांबले हा प्रश्न उरतोच. देशात पुढे असलेल्या मजूर पक्षाकडे ते इथे गेले नाही. शेजारच्या ईस्ट सफोकमध्येही त्याच दिवशी ग्रीन सर्वांत मोठा पक्ष ठरला. दुसरा आक्षेप मतदानपद्धतीचा. प्रभागात ज्याला सर्वाधिक मते तो विजयी, ही पद्धत आघाडीवरच्या पक्षाला मतांच्या मानाने फार अधिक जागा देते. ३४ पैकी २४ म्हणजे सुमारे ७१ टक्के जागा. मिड सफोकमधल्या दर दहा मतदारांपैकी सात जण ग्रीन झाले, असा त्याचा अर्थ कोणी काढला तर तो चुकीचा ठरेल. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, आणि म्हणूनच केंटचे उदाहरण शेजारी ठेवून पाहावेसे वाटते.

केंट ही काउंटी आहे, डिस्ट्रिक्ट नव्हे. तरी तुलना उद्बोधक आहे. १९९७ पासून सलग हुजूर पक्षाच्या ताब्यात असलेल्या त्या कौन्सिलच्या ८१ जागांपैकी ५७ जागा १ मे २०२५ रोजी नायजेल फराज यांच्या रिफॉर्म यूके या पक्षाने जिंकल्या आणि हुजूर पक्षाकडे ५ उरल्या. ५७ जागा म्हणजे पुन्हा ७० टक्के, आणि त्यामागची मते ४० टक्क्यांहून कमी. २०२१ च्या निवडणुकीत याच पक्षाचा तिथे एकही सदस्य निवडून आला नव्हता. म्हणजे तक्त्यावर दोन्ही निकाल जुळ्या भावंडांसारखे दिसतात: जुना हुजूर बालेकिल्ला, नवा पक्ष, सत्तर टक्के जागा. पण एकामागे दारोदारीची अनेक वर्षे आहेत आणि दुसऱ्यामागे दूरचित्रवाणीवरचा एक चेहरा. केंटमधल्या मतदाराने स्थलांतराबद्दलचा राग मतपत्रिकेवर उमटवला. तो राग खरा असेल, परंतु इंग्लिश खाडी ओलांडून येणाऱ्या होड्यांबाबत काउंटी कौन्सिल काहीही ठरवू शकत नाही. तिच्या पैशाचा मोठा वाटा वृद्धांची, अपंगांची आणि मुलांची देखभाल करण्यात खर्च होतो, आणि तो खर्च कायद्यानेच बांधून दिलेला आहे. स्थानिक निवडणूक ही राष्ट्रीय जनमतचाचणी आहे असे वर्षानुवर्षे सांगत राहिले की, एक दिवस मतदार ती खरोखरच तशी वापरतो. केंटचा निकाल मला त्या शिकवणुकीचे फळ वाटते. मग सत्तर टक्के जागा हाती आलेल्या नव्या सदस्यांना कामाच्या पहिल्याच महिन्यात कळते की, ज्या आश्वासनांवर ते निवडून आले ती पूर्ण करण्याचे खाते त्यांच्याकडे नाहीच.

मिड सफोकच्या मतदारांना मात्र कोणती निवडणूक कशासाठी आहे याचे भान होते, असे पुढच्याच वर्षी दिसून आले. संसदेच्या मतदारसंघांच्या सीमा डिस्ट्रिक्टच्या सीमांशी जुळत नाहीत. मिड सफोकचे तुकडे तीन मतदारसंघांत विभागलेले आहेत. जुलै २०२४ मध्ये यांपैकी वेव्हनी व्हॅली या नव्या मतदारसंघातून ग्रीन पक्षाचे एड्रियन रॅमसे निवडून आले, बरी सेंट एडमंड्स आणि स्टोमार्केटमधून मजूर पक्षाचे पीटर प्रिन्सली, तर सेंट्रल सफोक आणि नॉर्थ इप्सविचमधून हुजूर पक्षाचे उमेदवार. एका डिस्ट्रिक्टच्या भूमीवर चौदा महिन्यांच्या आत तीन पक्षांचे तीन खासदार. या मतदारसंघांत शेजारच्या डिस्ट्रिक्टांचीही मते होती, त्यामुळे यावरून फार मोठा सिद्धान्त उभारू नये. पण २०२३ च्या २४ जागांवरून २०२४ चे भाकीत करणारा तोंडघशी पडला असता, एवढे म्हणायला हरकत नाही.

ग्रीन पक्षाच्या बाजूने हे सगळे लिहिले जात आहे असा समज होऊ नये. स्थानिकतेला एक अडचणीची बाजूही असते आणि ती याच भागात उघडी पडली. उत्तर समुद्रातल्या पवनचक्क्यांची वीज दक्षिणेकडे नेण्यासाठी नॉर्विचपासून टिलबरीपर्यंत सुमारे १८० किलोमीटर लांबीची उच्चदाब वाहिनी टाकण्याची नॅशनल ग्रिडची योजना आहे. तिचा मार्ग नॉरफोक, सफोक आणि एसेक्स यांच्या शेतांमधून जातो, आणि उंच मनोऱ्यांना तिथल्या लोकांचा कडाडून विरोध आहे. पवन ऊर्जेचा सर्वांत मोठ्याने पुरस्कार करणाऱ्या पक्षाच्या खासदाराने निवडून येताच योजना थांबवून पर्यायांचा विचार करण्याची मागणी केली. टीका झाली आणि ती व्हायलाच हवी होती. वीज हवी, तारा नकोत, ही भूमिका तर्काने टिकत नाही. वाहिनी समुद्राखालून किंवा जमिनीखालून न्यावी, असे म्हणणाऱ्यांना त्यासाठीचा वाढीव खर्च देशभरच्या वीजबिलांतून जाणार आहे याचेही उत्तर द्यावे लागेल. मात्र ही विसंगती दिसते कशामुळे, तर निवडून येणारा माणूस पक्षाच्या जाहीरनाम्याइतकाच गावाच्या शिवारालाही बांधलेला असतो म्हणून. ज्याला हे वैगुण्य वाटते त्याने निदान ते वैगुण्य जिथे आहे तिथे पाहावे. राष्ट्रीय टक्केवारीच्या तक्त्यात ते दिसत नाही.

मराठी वाचकाने इतक्या दूरच्या तालुक्याएवढ्या निवडणुकीत लक्ष का घालावे, असे कोणी म्हणेल. त्याचे एक सरळ उत्तर असे की, यांतल्या काही वाचकांना तिथे मत आहे. भारत राष्ट्रकुलाचा सदस्य असल्याने ब्रिटनमध्ये कायदेशीररीत्या राहणाऱ्या भारतीय नागरिकाला तिथल्या मतदारयादीत नाव नोंदवता येते, आणि स्थानिकच काय, संसदेच्या निवडणुकीतही मतदान करता येते. त्यासाठी ब्रिटिश नागरिकत्व घ्यावे लागत नाही. मे २०२३ मध्ये इंग्लंडमध्ये प्रथमच मतदान केंद्रावर छायाचित्रासह ओळखपत्र दाखवणे सक्तीचे झाले. निवडणूक आयोगाच्या हिशेबाप्रमाणे सुमारे १४,००० मतदारांना त्या अटीमुळे मत न देताच परतावे लागले. या ओळखपत्रांच्या यादीत राष्ट्रकुल देशांचे पासपोर्ट आहेत, म्हणजे आपला भारतीय पासपोर्टही चालतो. दोन-तीन वर्षांच्या नोकरीसाठी गेलेली आपली माणसे बहुधा ही नोंदणी करत नाहीत, ‘आपण थोडेच इथले’ असे म्हणत. पण घरपट्टी ते भरतात, कचऱ्याचा डबा त्यांच्याही दारापुढे असतो, आणि जिथे काहीशे मतांवर जागा ठरते तिथे एका वसाहतीतील पंधरा-वीस मराठी घरांना उमेदवार मुळीच दुर्लक्षून चालणार नाही.

आता धोरणाकडे. डिसेंबर २०२४ मध्ये ब्रिटिश सरकारने श्वेतपत्रिका काढून काउंटी आणि डिस्ट्रिक्ट ही दुहेरी रचना संपवण्याचा मनोदय जाहीर केला. दोन्हींच्या जागी एकच कौन्सिल असावे, आणि त्याच्या हद्दीत साधारणपणे पाच लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्या असावी, असा हा आराखडा आहे. त्याच्या तयारीसाठी मे २०२५ मध्ये व्हायच्या नऊ कौन्सिलांच्या निवडणुका वर्षभर पुढे ढकलण्यात आल्या, त्यांत सफोक काउंटीही होती. मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपल्यावर निवडणूक होईपर्यंत १५ जानेवारी २०२६ उजाडला, हे पाहिलेल्या आपल्याला एक वर्ष म्हणजे काहीच वाटणार नाही. कारणेही वेगळी होती. तरी स्थानिक निवडणूक सोयीप्रमाणे सरकवता येते, संसदेची येत नाही, हा विचार दोन्हीकडे सारखाच दिसतो.

दुहेरी रचनेत त्रुटी आहेत हे मी वर कचऱ्याच्या उदाहरणाने सांगितलेच. खड्डा बुजवायचा कोणी, हे मतदाराला ठाऊक नसते, आणि डिस्ट्रिक्टचा उमेदवार दारात आला की तक्रार नेमकी काउंटीच्या रस्त्याची निघते. एकच कौन्सिल असेल तर जबाबदारी स्पष्ट होईल, अधिकाऱ्यांची पदे आणि इमारती वाचतील, हा युक्तिवाद पोकळ नाही. सफोकमध्ये तर काउंटी कौन्सिलने संपूर्ण काउंटीसाठी एकच कौन्सिल सुचवले, आणि पाचही डिस्ट्रिक्टांनी तिचे तीन भाग करण्याचा प्रस्ताव पुढे ठेवला. ज्याला त्याला आपापली सीमा प्यारी, हेही यातून दिसले. पण दोन्ही प्रस्तावांचे गणित एकाच दिशेने जाते. आज सफोकच्या पाच डिस्ट्रिक्टांत मिळून २३३ निवडून दिलेले सदस्य आहेत आणि काउंटीचे सदस्य वेगळे. रचना कोणतीही आली तरी ही संख्या बरीच घटणार, आणि ती घट बचतीच्या बाजूला मांडली जाणार. डिस्ट्रिक्टची निवडणूक ही मुळात लंडनच्या राजकारणाची छोटी आवृत्ती आहे असे मानले, तर छोट्या आवृत्त्या कमी केल्याने काही बिघडत नाही. ३,००० माणसांमागे एक प्रतिनिधी असणे हेच तिचे काम आहे असे मानले, तर त्याच कामावर कात्री चालणार आहे.

एकत्रीकरणाचे समर्थक एक बिनतोड वाटणारी गोष्ट सांगतात. मिड सफोकचे कार्यालय २०१७ पासून मिड सफोकमध्ये नाहीच. नीडहॅम मार्केटमधली जुनी जागा सोडून ते इप्सविचला, म्हणजे दुसऱ्याच डिस्ट्रिक्टच्या हद्दीत, काउंटीच्या इमारतीत गेले. शेजारचे बॅबर्ग डिस्ट्रिक्ट आणि मिड सफोक यांचा कर्मचारीवर्गही सामाईक आहे. मग उरले काय? उरले ते सभागृह, आणि ते वेगळे का राहिले याला इतिहास आहे. २०११ मध्ये ही दोन डिस्ट्रिक्ट पूर्णपणे एक करावीत का, हा प्रश्न दोन्हीकडच्या मतदारांपुढे ठेवला गेला. मिड सफोकच्या मतदारांनी होय म्हटले, बॅबर्गच्या मतदारांनी नाही म्हटले, आणि विलीनीकरण तिथेच थांबले. कर्मचारी एक झाले, सदस्य वेगळे राहिले, आणि त्या वेगळ्या राहिलेल्या सभागृहातच बारा वर्षांनी २४ ग्रीन सदस्य जाऊन बसले. आताच्या या पुनर्रचनेसाठी सरकारने प्रस्ताव मागवले आणि त्यांवर लोकांची लेखी मते मागवली. मतपेटी कुठेही ठेवली नाही.